वीतभर कल

२ फेब्रुवारी

शेजारच्या मोकळ्या जागेत आजपासून खोदकाम सुरू झालं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. तळघरात गाड्या ठेवायची सोय असलेली मोठी इमारत होणार म्हणतात. सकाळपासून यंत्राची धडधड. नववीचे पेपर तपासायला बसलो तर लाल शाईच्या रेघा नागमोडी उमटायला लागल्या.

आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाजाचा त्रास नाही. पण पलंग हलतो म्हणाली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं जग त्या पलंगाएवढं झालंय, म्हणून पलंगाबाबतच्या तक्रारी फार बारीक असतात. मी सांगितलं, यंत्र आहे, काम संपलं की जाईल.

११ फेब्रुवारी

न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे न जाता उंबऱ्याकडे येतंय. मोरी तुंबली असणार म्हणून तासभर काठीने टोचत बसलो. मोरी साफ निघाली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पाण्याला आपली वाट कळेनाशी झालीय." मी म्हटलं, फरशी खचली असेल, गवंड्याला बोलावू. ती गणवेश शिवायच्या दुकानात कामाला निघून गेली.

१७ फेब्रुवारी

जिन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत तडा गेला आहे. त्यात माझं करंगळीचं नख जातं. सोसायटीचे सेक्रेटरी घाबरून माझ्याकडे आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहतात. म्हणाले, सर, तुम्ही सायन्सवाले, जरा बघा.

गच्चीवरून दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. खाली जमिनीपाशी तो भिंतीपासून वीतभर लांब लोंबत होता. म्हणजे इमारत खड्ड्याच्या बाजूला वीतभर कलली आहे. खाली जमलेल्यांचे चेहरे पांढरेफटक पडले. मग मी त्यांना जिन्यातच धडा दिला. काड्यापेटी उभी करून हळूहळू तिरकी केली आणि सांगितलं की प्रत्येक वस्तूचं वजन जणू एका बिंदूत साठलेलं असतं, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून सोडलेली उभी रेघ वस्तूच्या तळाच्या आत पडते आहे तोवर वस्तू पडत नाही. आपली इमारत नऊ मीटर रुंद. ती रेघ तळाबाहेर जायची तर मध्यापासून साडेचार मीटर सरकायला हवी. आणि आपला कल वीतभर!

वरच्या मजल्यावरचे घड्याळकाका पुढे आले. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हे एकटेच राहतात आणि दुकानातली न विकलेली घड्याळं घरातल्या भिंतींवर लावून ठेवली आहेत. त्यांनी विचारलं, "म्हणजे झोपायला हरकत नाही?"

"बिनघोर झोपा," मी म्हणालो.

लोक हसले. जाताना एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षं हा धडा शिकवतोय, पण एवढं लक्ष देऊन कुणी ऐकला नव्हता.

२५ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. पालिकेचा इंजिनिअर आला होता. कोवळा पोरगाच, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्याने तडा पाहिला, खड्ड्यात डोकावला आणि इमारत रिकामी करा म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो. त्याला विचारलं, गुरुत्वमध्य कुठे येतो? रेघ कुठे पडते? तो म्हणाला, सर, तुमचं बरोबर आहे, पण माती... मी म्हटलं, मातीचं नंतर बोलू, आधी रेघ कुठे पडते ते सांग. त्याने आतच पडते असं कबूल केलं. मग मी लोकांकडे वळून म्हणालो, ऐकलंत?

तो नोटीस चिकटवून गेला. त्याची मोटारसायकल वळणाआड गेली आणि सेक्रेटरींनी ती फाडून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री जेवताना हिला सगळं रंगवून सांगितलं. तिने विचारलं, "तो मातीचं काय म्हणत होता?" मी म्हटलं, त्याला धड बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, बोलू दिलं असतंत तर आलं असतं कदाचित. मास्तराच्या बायकोला मास्तराचं कौतुक नसतं हे खरंच.

४ मार्च

घरात वस्तू सापडेनाशा झाल्या आहेत. चांगली दुलई नाही. आईच्या डॉक्टरी कागदांची फाईल नाही. कपाटातला फोटोंचा अल्बमही नाही. हिला विचारलं तर दुलई धुवायला दिली, फाईल डॉक्टरांकडे आहे, अल्बमचं माहीत नाही म्हणाली. हल्ली दुकानात जाताना हिची पिशवी टम्म फुगलेली असते. गणवेशाचं काम घरी आणते आणि परत नेते, असं म्हणते. मी म्हटलं, एवढी ओझी वाहू नकोस, खांदा धरेल. ती हसली. फार दिवसांनी हसली.

दादाचा फोन आला होता, माझ्या थोरल्या भावाचा. त्याचं घर बैठं, अंगणाचं. मागची खोली रिकामी आहे, आईला घेऊन या म्हणाला. मी तुटक बोलून ठेवून दिला. आईचं हाड मोडलं तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं की आईला मी सांभाळीन, मेहरबानी नको. आता चार लोकांच्या तोंडच्या अफवा ऐकून त्याच्या दारात कसा जाऊ? शिवाय या अरुंद जिन्यातून आईला खाली उतरवणं म्हणजे काय हे त्याला काय माहीत?

९ मार्च

घड्याळकाकांकडे चहाला गेलो. त्यांची लंबकाची घड्याळं एकेक करून बंद पडत आहेत. भिंत तिरकी झाली की लंबकाचा ठेका बिघडतो, टिक्‌ लांब आणि टक्‌ तोकडी, आणि मग घड्याळ थांबतं. काका स्टुलावर चढून प्रत्येक घड्याळामागे कागदाची घडी सारतात, कान लावून ठेका सारखा करतात. चार दिवसांनी पुन्हा तेच.

"लेक म्हणते माझ्याकडे या," काका म्हणाले. "मी सांगितलं, आमच्या सरांनी हमी घेतलीय."

मी चहा संपवून लवकर उठलो. का कोण जाणे, तो शब्द आवडला नाही. मी हमी घेतली नव्हती, सिद्धांत सांगितला होता.

१४ मार्च

हे कसं लिहावं कळत नाही.

दुपारी आईजवळ बसलो होतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्याखाली हवेची गादी आहे. औषध देण्यासाठी पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी गादीवरच टेकवला. तो जरासा कलला. एवढ्याने पडायचा नाही हे मला माहीत, माझा विषयच तो, म्हणून मी हात लावला नाही. पण ज्या बाजूला कलला त्या बाजूवर भार जास्त आला, तिथली गादी दबली. दबली म्हणून तो आणखी कलला. कलला म्हणून आणखी दबली. फार सावकाश, घाई नसल्यासारखा, तो आडवा झाला. सगळं पाणी आईच्या कुशीत.

मी चादर बदलली. मग तांब्या भरून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "शाळेत जात नाहीस, आणि इथे पाण्याशी खेळतोयस?"

काड्यापेटी मी दगडी पायरीवर ठेवून दाखवली होती. पायरी दबत नाही. आमच्या इमारतीच्या एका अंगाला माणसाच्या तिप्पट खोल खड्डा आहे, आणि तिकडची माती कशाच्या आधारावर आहे? रेघ तळाच्या आत असून काय उपयोग, तळच सरकतो आहे.

तो पोरगा हेच सांगत होता. त्याला एक वाक्य पुरं करायचं होतं.

१५ मार्च

उद्या सेक्रेटरींना सांगतो. आज हिंमत गोळा केली आणि खालपर्यंत गेलोही, पण त्यांच्याकडे पाहुणे होते.

१७ मार्च

जिन्यात सेक्रेटरी भेटले. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच हात धरला. म्हणाले, तुमच्यामुळे जीव भांड्यात पडला सर, सूनबाई बाळाला घेऊन माहेरीच राहायचं म्हणत होती, तिला तुमचं काड्यापेटीचं सांगितलं, काल आली परत. आत नेऊन बाळ दाखवलं. दोन महिन्यांचं आहे. माझं बोट घट्ट धरून ठेवलं.

बाहेर आलो आणि आमच्या दारापर्यंत कसा चढलो आठवत नाही. सांगितलं तर ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच तोंडात शेण घालतील. नाही सांगितलं तर... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मनाला एक युक्ती सुचली आहे. आधी पुन्हा मोजावं. कल वाढला नसेल तर सांगायची गरजच नाही.

१९ मार्च

मोजलं. वाढला आहे.

ओळंबा सोडताना गच्चीवर ही आली. मी म्हटलं, कबुतरं हाकलायला आलो होतो. तिने माझ्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, वाळत घातलेले कपडे काढले आणि खाली गेली. शाळेतून पालिकेत फोन लावला. तो इंजिनिअर जागेवर नव्हता. निरोप ठेवायचा का विचारलं. नको म्हणालो.

रोज घरात शिरताना भिंतींकडे पाहत नाही. जेवताना ताटातली आमटी एका बाजूला जमते, तिकडेही पाहत नाही. आईला डाव्या कुशीवर राहवत नाही, उशा लावून द्याव्या लागतात. मी अजून उशांनाच दोष देतो आहे.

२२ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी ही आईचं अंग पुसायला खोलीत गेली आणि आडोशासाठी दार लावून घेतलं. मी शाळेला निघालो होतो. भिंतीच्या आतून काहीतरी कटकन वाजलं, वाळकं लाकूड मोडावं तसं. मग हिची हाक आली. दार उघडत नाही.

कडी लावलेली नव्हती. चौकटच तिरकी होऊन तिने दार दाबून धरलं होतं. मी खांदा लावून धडक दिली तर वरून पोपडे पडले. आतून ही म्हणाली, धक्के मारू नका, इथे आईंच्या अंगावर पडतंय. तिचा आवाज अगदी शांत होता. मी वर जाऊन घड्याळकाकांना बोलावलं. ते आपली हत्यारं घेऊन आले, त्यातला मोठ्यात मोठा स्क्रू-ड्रायव्हर आम्ही दाराखालच्या फटीतून आत सरकवला. बिजागऱ्या आतल्या बाजूने होत्या. ही एकेक स्क्रू काढू लागली. काका कोयता आणायला खाली धावले. मी दाराला कपाळ टेकवून उभा होतो.

आतून ती म्हणाली, "खरं सांगा. पडणार आहे ना?"

"हो."

स्क्रू फिरण्याचा आवाज थांबला. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"आठ दिवस झाले."

मग स्क्रू पुन्हा फिरायला लागला. "मला महिना झाला," ती म्हणाली. "तुम्हाला कळायची वाट बघत होते."

आईने मोठ्याने विचारलं, कोण पडणार? हिने तिच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही.

काकांनी कोयत्याने चौकटीचा वरचा कोपरा छिलला, तेव्हा कुठे दार सुटलं. आईला लाकडी खुर्चीत बसवून चादरीने छातीशी आणि गुडघ्यांशी बांधलं. मागे मी, पुढे काका आणि आवाज ऐकून वर आलेले सेक्रेटरी. जिन्याच्या वळणावर खुर्ची माझ्या अंगावर पूर्ण रेलवली, आईचं डोकं माझ्या गळ्याशी आलं. लहानपणी मी तिच्या खांद्यावर जसं ठेवत असेन तसं. ती म्हणाली, "पाडू नका रे." आम्ही तिघं एकेक पायरी पायाने चाचपत उतरत होतो.

खाली आल्यावर सेक्रेटरींना तिथेच रस्त्यावर सांगितलं. माझं चुकलं, इमारत धोक्याची आहे, आत्ता सगळ्यांना बाहेर काढा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग ते बाळाला आणायला आत पळाले. मी दारोदार फिरलो. प्रत्येक दारात तेच वाक्य. एका बाईंनी विचारलं, मग ते टाळ्यांचं काय होतं? मी पुढचं दार वाजवलं. संध्याकाळपर्यंत सगळे बाहेर पडले. घड्याळकाका सर्वांत शेवटी उतरले, एकही घड्याळ न घेता.

हिने रिक्षा आधीच ठरवली होती. कुठे जायचं असं मी विचारलं तर म्हणाली, दादांकडे. तिथल्या मागच्या खोलीत आईसाठी पलंग लावलेला होता. त्यावर आमची चांगली दुलई, उशाशी डॉक्टरी कागदांची फाईल आणि अल्बम. वहिनी म्हणाली, रोज थोडं थोडं आणून ठेवत होती बिचारी. तुम्हाला सांगू नका म्हणाली, तुमचं तुम्हाला कळायला हवं.

दादा फक्त "जेवलास का?" एवढंच म्हणाला. तो काही टोचून बोलला असता तर सोपं गेलं असतं.

५ एप्रिल

इमारत उभी आहे.

पालिकेच्या माणसांनी दोरी बांधली, खोदकाम थांबवलं, दोन लाकडी टेकू लावले आणि निघून गेले. टेकू पाहिले की हत्तीला काठीचा आधार दिल्यासारखं वाटतं. पण ती उभी आहे. रोज शाळा सुटल्यावर पाय तिकडेच वळतात. दोरीजवळ आमच्यातलं कुणी ना कुणी असतंच. माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात मात्र बोलतात. एक जण म्हणाला, आधी म्हणे पडत नाही, मग म्हणे पडते, मास्तर आहे की हवामान खातं? सेक्रेटरींची सून बाळाला घेऊन पुन्हा माहेरी गेली. ते स्वतः एका मित्राच्या दुकानात माळ्यावर झोपतात.

दादाची खोली नऊ बाय दहा. आईचा पलंग, आमची गादी, हिचं शिवणयंत्र. रात्री उठायचं तर एकमेकांना ओलांडून जावं लागतं. वहिनी जपून बोलते, दादा जपून बोलतो, मी जपून चालतो. या घरात मोडेल असं काहीच नाही, तरी.

आज दोरीजवळ उभा असताना मनात एक वाक्य आलं आणि मी ते स्पष्ट ऐकलं. आता पड बाई एकदाची. म्हणजे निदान मी शेवटी बरोबर होतो हे तरी कळेल. आत माणसांचे संसार आहेत, काकांची घड्याळं आहेत, आणि मला ती ढिगाऱ्यात हवी आहेत. कशासाठी? तर पुन्हा कुणी पाठीवर थाप मारावी म्हणून.

हे हिला सांगितलं नाही. इथे लिहिलं.

११ एप्रिल

दुपारी सेक्रेटरींचा फोन आला. बाहेर पडल्यापासून पहिलाच. घड्याळकाका दोरी ओलांडून वर गेलेत आणि उतरायला तयार नाहीत. लेकीच्या घरी जावयाशी पटलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, पालिकेला कळवलंय, पण ते कधी येतील देव जाणे. मी येतो म्हणालो. ते म्हणाले, "तुमचं ते का ऐकतील?"

बरोबरच होतं. तरी गेलो.

जिन्यातल्या तड्यात आता पंजा जाईल. कठड्याला न धरता चढलो, कारण कठडा भिंतीतून सुटला होता. काका खुर्चीत बसले होते. आजूबाजूला सगळी घड्याळं थांबलेली, प्रत्येकात वेगळी वेळ. मी सांगायला लागलो, माती कशी सरकते, टेकू का पुरणार नाहीत. त्यांनी हात वर केला.

"सर, एकदा तुमचं ऐकून राहिलो, एकदा ऐकून निघालो. आता पुरे. आता हे सांगा, आज पडणार का?"

रेघ, तळ, भार, सगळं डोक्यात येऊन गेलं. त्यातून आजचं उत्तर निघत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

मी समोरच्या स्टुलावर बसलो. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यांना तिथे सोडून उतरणं शक्य नव्हतं. भीती वाटत होती. खालून सेक्रेटरी हाका मारत होते. भिंतीत अधूनमधून काहीतरी कुरकुरत होतं, आणि प्रत्येक वेळी काका माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो.

शेवटी काका म्हणाले, "तुम्ही का बसलात?"

"तुम्ही उठलात की उठेन."

"घरी बायको आहे, आई आहे."

"आहेत."

ते पुटपुटत उठले. भिंतीवरचं एकही घड्याळ घेतलं नाही. खुंटीवरची छत्री तेवढी घेतली. दाराला कुलूप लावायला लागले, आणि मग किल्ली तशीच कुलपात ठेवून दिली. उतरताना ते पुढे, मी मागे. जिन्याच्या वळणावर त्यांनी न बघता मागे हात केला आणि मी तो धरला.

कुठे जाणार असं विचारलं नाही. रिक्षात बसवलं आणि दादाकडे आणलं. दादाने दारात पाहिलं, बाजूला झाला, आणि आत जाऊन वहिनीला एक पान जास्त वाढायला सांगितलं.

इमारत अजून उभी आहे. काका आईच्या पलंगाशेजारी बसून तिला मोठ्याने काहीतरी सांगत आहेत, ती भलतंच ऐकून हसते आहे. ही गाद्या घालते आहे. मघाशी तिने विचारलं, कधी पडेल? मी म्हटलं, माहीत नाही. तिने हातातली उशी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं, वर्गात पोरानं पहिल्यांदा बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर पाहतो तसं.

मग म्हणाली, "वही मिटा आता आणि सरका भिंतीकडे. काकांना जागा करायचीय."